हरकत : निरंक

नदीच्या कार्यालयात दोन टेबलं होती, पाच खुर्च्या, एक लोखंडी कपाट, एक फ्रीज आणि पाण्याच्या नमुन्यांच्या तीनशे बारा बाटल्या. त्यांतल्या दोनशे अठ्ठ्याण्णव भरलेल्या, अकरा रिकाम्या आणि तीन तडकलेल्या. खिडक्या दोन, पैकी एक उघडत नसे. माणसं तीन. रबरी शिक्का एक, त्यावर 'नदी (स्वतः)' असं कोरलेलं. रुजू झाले त्या दिवशी मी ही मोजदाद केली, कारण सामानाच्या यादीवर सही करायची होती आणि माझ्या आधीच्या माणसाने यादीत बाटल्या 'अंदाजे तीनशे' लिहिल्या होत्या. 'अंदाजे' या शब्दाखाली माझ्याने सही होत नाही.

कार्यालय दुसऱ्या मजल्यावर होतं, चष्म्याच्या दुकानाच्या वर. तिथून नदी दिसत नसे. गच्चीवर जाऊन पाहिलं, तिथूनही नाही.

नदी तीन देशांतून वाहते. तिच्या पाण्याचे निर्णय तिन्ही देशांचा आयोग घेतो. पूर्वी आयोगाच्या टेबलाला तीन बाजू होत्या. मग नऊ वर्षं एक खटला चालला आणि न्यायालयाने निकाल दिला की नदी ही कायद्याने व्यक्ती आहे, तिला हक्क आहेत आणि स्वतःचं म्हणणंही आहे. तेव्हापासून टेबलाला चौथी खुर्ची आली. सभेच्या दिवशी शिपाई प्रत्येक खुर्चीसमोर पाण्याची सीलबंद बाटली ठेवायचा, तशी नदीच्या खुर्चीसमोरही ठेवायचा.

खटला वकीलबाईंनी लढवला होता. निकालानंतर त्यांनाच नदीचं पालक नेमलं गेलं. खुर्चीमागे उभं राहून नदीचं म्हणणं वाचून दाखवायला एक निवेदक होते. सव्वीस वर्षं त्यांनी रेडिओवर हवामानाच्या बातम्या दिल्या होत्या. तिसरी मी. रसायनशास्त्राची पदवी घेऊन वर्ष झालं होतं. माझं काम नमुने आणणं, तपासणं आणि आकड्यांचं पत्रक तयार करणं.

पत्रकाचा एक नियम होता. मी पहिल्यांदा लिहिलं, 'नदीचे पाणी गढूळ झाले आहे.' वकीलबाईंनी तांबड्या पेनाने खोडून वर लिहिलं, 'मी गढूळ झाले आहे.'

"मॅडम, हे जरा नाटकी नाही वाटत?" मी विचारलं.

"वाटू दे. आपण तिच्याबद्दल बोलत नाही. ती बोलते. एवढा एक फरक मिळवायला माझी नऊ वर्षं गेलीत."

निवेदककाका या नियमाची थट्टा करत. सकाळी आल्या आल्या छत्री मिटवत म्हणायचे, "आज मला लिटरला सहा मिलिग्रॅम प्राणवायू आहे आणि घशात खवखव आहे."

"काका, नदीला बाईचा आवाज का नाही घेतला?"

"घेतली होती एक बाई. वाचता वाचता तिला रडू यायचं. मग आयोगाच्या सचिवालयाने विचारलं, हे पाणी कुठल्या रकान्यात धरायचं."

वकीलबाई हसल्या नाहीत. त्या फार हसत नसत. पण त्या आळशी नव्हत्या, ढोंगी तर मुळीच नव्हत्या, हे आधीच सांगून ठेवते. त्यांच्यामुळे एका खाणीचा गाळ नदीत पडायचा थांबला होता. दोन कारखान्यांना सांडपाण्याच्या टाक्या बांधाव्या लागल्या होत्या. मी स्वतः त्या जागांचे आकडे घेतले होते आणि ते खरोखर सुधारले होते.

माझा मामा धाकट्या धारेच्या काठी राहतो. एका फाट्यावर नदीच्या दोन धारा होतात. थोरली धार खोल केलेली आहे, तिच्यातून जहाजं जातात. धाकटी एकतीस किलोमीटर वेगळी वाहून परत थोरलीला मिळते. धाकटीचं पात्र मामाच्या घरापाशी एकोणीस मीटर रुंद आहे आणि प्रवाह सरासरी सेकंदाला अकरा हजार लिटर. तळ बारीक गोट्यांचा. समुद्राकडून वर येणारे मासे अंडी घालायला असाच तळ शोधतात आणि थोरलीत तो यंत्रांनी केव्हाच उपसून नेला आहे. म्हणून मासे धाकटीत येतात आणि म्हणून तिच्या काठी चौदा होड्या आहेत. त्यांतली एक मामाची. पाण्याचा वेग कसा मोजायचा हे मी कॉलेजात शिकले, पण वेग ही मोजायची गोष्ट आहे हे मामाच्या होडीत कळलं होतं. तो लाकडाची ढलपी पाण्यात टाकायचा आणि मला पाढे म्हणायला लावायचा. ढलपी खांबापर्यंत पोचली तेव्हा पाढा कुठे आला यावर जाळं कुठे टाकायचं ते ठरे.

फाट्यावर उगमाकडच्या, म्हणजे वरच्या देशाने लोखंडी दरवाजे बांधून ठेवले होते. ते बंद केले की धाकटीचं सगळं पाणी थोरलीत जाणार आणि जहाजांना खोली मिळणार. बंद करायला मात्र आयोगाची परवानगी लागे. खटल्याच्या आधीच्या काळात असा विषय निघाला की काठचे लोक हरकत घेत. मामाने सहा वेळा हरकत घेतली. दोनदा त्याच्या हरकतीवरच काम अडलं, बाकी वेळा या ना त्या कारणाने. त्या सहा हरकतींच्या प्रती तो एका फायलीत ठेवायचा.

मग वकीलबाई खटल्यासाठी सह्या मागत काठाने हिंडल्या. मामाने प्रतिज्ञापत्र दिलं. त्यात शेवटचं वाक्य त्याचं स्वतःचं होतं: 'माझ्यापेक्षा नदीने स्वतः बोललेले बरे.' निकालात न्यायालयाने हे वाक्य उद्धृत केलं आणि पुढे लिहिलं की यापुढे नदीच्या हिताविषयी आयोगापुढे बोलण्याचा अधिकार फक्त नदीला राहील.

मामाला आनंदच झाला होता. "चला, चकरा वाचल्या. जिचं दुखणं तिलाच सांगू दे," तो म्हणाला. मला नोकरी लागल्यावर त्याने काठावरच्या चौदा घरांत सांगितलं, "भाची नदीची सेक्रेटरी आहे. आता काळजी नाही."

त्या तिमाहीत एक ओंडका वाहत आला आणि धाकट्या धारेतल्या आमच्या मीटरवर आदळला. मीटरचा पंखा तुटला आणि त्यासोबतची तापमान, प्राणवायूची वाचनंही थांबली. सुटा भाग मागवला, स्मरणपत्रं दोन पाठवली, भाग आला नाही. तेरा आठवडे त्या मोजणीच्या ठाण्याचं एकही वाचन नव्हतं.

पत्रकात एकूण बेचाळीस ठाणी, म्हणजे बेचाळीस ओळी. धाकटी धार एकोणतिसावी. पत्रकाच्या माथ्यावर छापलेलं असायचं: 'कोणताही रकाना रिकामा ठेवू नये.' हे सचिवालय गंभीरपणे घेई. एकदा एक रकाना कोरा राहिला म्हणून सगळं पत्रक परत आलं होतं.

रिकामा रकाना मला तसाही खपत नाही. आमचे प्रयोगशाळेचे सर म्हणायचे, "कोरी जागा म्हणजे आळस की अपघात, वाचणाऱ्याला कळत नाही. मोजलं आणि काही निघालं नाही, तर शून्य लिहा. मोजलंच नाही, तर निरंक लिहा. निर् अंक. अंक नाही." तीन वर्षं आम्ही तसंच लिहिलं. बाहेर, कचेऱ्यांत, निरंक म्हणजे 'कळवण्यासारखं काही नाही' असा अर्थ चालतो. तो मला ठाऊक नव्हता असं नाही. त्या दिवशी तो मनात आला नाही.

मी संगणकावर एकोणतिसाव्या ओळीच्या पहिल्या रकान्यात निरंक लिहिलं आणि कोपरा धरून ओळीच्या शेवटापर्यंत ओढलं.

एरवी ओळीला नऊ रकाने असत. त्या वेळी दहा होते. दहाव्याचं शीर्षक होतं, 'प्रस्ताव क्र. १७ बाबत हरकत'. बाकीच्या एक्केचाळीस ओळींत सचिवालयानेच तिथे 'लागू नाही' छापून दिलं होतं. फक्त एकोणतिसाव्या ओळीत जागा होती. प्रस्ताव सतरा म्हणजे फाट्याचे दरवाजे बंद करणं. त्याचा तपशील पत्रकाच्या मागच्या पानावर होता आणि मागचं पान मी उघडलं नाही.

वकीलबाईंना प्रस्ताव सतरा पुरता माहीत होता. त्यांनी त्यावर चौसष्ट पानांची हरकत लिहून तयार ठेवली होती. आयोगाच्या नियमाने ती मांडण्याआधी पत्रकाच्या त्या रकान्यात 'आहे' एवढा एक शब्द लागत होता. दहावा रकाना त्यांचा होता. मी माझा समजून भरला. त्यांनी माझा समजून वाचला नाही. खाली टॅक्सी उभी होती, त्यांना नदीच्या हक्कांवर भाषण द्यायला विमानाने जायचं होतं. उभ्या उभ्या त्यांनी शिक्का मारला: नदी (स्वतः).

सभा महिन्याभराने झाली. पत्रकाचं वाचन हा सभेतला सर्वांत कंटाळवाणा भाग. बेचाळीस ओळी वाचायला चाळीस मिनिटं लागत आणि तेवढ्यात बहुतेक जण फोन पाहून घेत. निवेदककाका खुर्चीमागे उभे राहिले, चष्मा वर ढकलला आणि सुरू झाले. त्यांचा आवाज खरंच सुंदर आहे. कुठलाही आकडा त्यांच्या तोंडून आला की उद्या ऊन पडेल असं वाटतं.

"ठाणं एकोणतीस, धाकटी धार," ते वाचू लागले. "माझा प्रवाह, निरंक. माझं तापमान, निरंक. माझा प्राणवायू, निरंक." असे नऊ झाले. मग त्यांनी अर्धा सेकंद श्वास घेतला. "प्रस्ताव सतराबाबत माझी हरकत, निरंक. ठाणं तीस."

वकीलबाईंच्या हातातलं पेन थांबलेलं मला दिसलं.

वरच्या देशाचे प्रतिनिधी एक निवृत्त अभियंता होते. किडकिडीत, सभ्य, माझ्या प्रश्नांना नेहमी नीट उत्तर देणारे. पाण्याच्या दाबावरचं त्यांचं एक टिपण मी जपून ठेवलं होतं. त्यांनी हात वर केला. "माफ करा. एकोणतीस पुन्हा वाचता का? शेवटचा रकाना."

काकांनी वकीलबाईंकडे पाहिलं. त्या आपल्या प्रतीत ती ओळ शोधत होत्या. काकांनी पुन्हा वाचलं, या वेळी जास्त स्पष्ट. ते त्यांच्या हाताबाहेरचं होतं. कोणी पुन्हा वाचायला सांगितलं की ते आपोआप स्पष्ट वाचतात.

"नोंद घ्यावी," अभियंता म्हणाले. "नदीची हरकत नाही."

मधल्या सुट्टीत वकीलबाईंनी मला बाहेरच्या पॅसेजमध्ये, कोट टांगायच्या खुंट्यांपाशी गाठलं.

"हे काय लिहिलंस?"

"मीटर बंद होतं, मॅडम."

"मीटर बंद होतं म्हणून नदीची हरकत नाही?"

मी त्यांना सांगितलं. निर् अंक, मोजलं नाही, सर, प्रयोगशाळा, सगळं. त्यांनी मध्ये न बोलता ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "व्युत्पत्ती बरोबर आहे तुझी." आणि दुरुस्तीचा अर्ज लिहायला बसल्या. माझ्यावर ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

"बैल गेला अन् झोपा केला," काका माझ्या शेजारी येऊन पुटपुटले.

"काका, तुम्हाला वाचतानाच कळलं होतं ना? तुम्ही थांबलात."

"मी वाचतो, मुली. समजून घ्यायला लागलो की अडखळतो. सव्वीस वर्षं वादळं वाचली. दर वेळी थांबून विचार केला असता तर होड्या कधी काठाला लागल्या असत्या?"

अर्जाची सुनावणी दुसऱ्या दिवशी अकराला ठरली. मी मामाला फोन केला. सकाळच्या पहिल्या बसने तो आला, लग्नाकार्यात घालायचा कोट घालून, काखेत फाईल. सभागृहाच्या दारात त्याने विचारलं, "बूट काढायचे का?" मी नाही म्हटलं.

त्याने बोलायला परवानगी मागितली. अध्यक्षांनी त्याचं प्रतिज्ञापत्र चाळलं, सचिवांशी कुजबुज केली आणि अवघडून सांगितलं, "आपल्याला ऐकून घेता येणार नाही. आपण तिऱ्हाईत आहात."

"मी?"

"कायद्याने. पक्षकार सोडून सगळे तिऱ्हाईत."

"चौपन्न वर्षं त्या पाण्यात उभा आहे, साहेब. पाय बघा हवं तर. पक्षकार कोण मग?"

अध्यक्षांनी चौथ्या खुर्चीकडे हात केला. मामाने त्या खुर्चीकडे पाहिलं, समोरच्या पाटीकडे पाहिलं, बाटलीकडे पाहिलं.

"ती बोलली का काही?"

"काल बोलली. आपण नव्हतात."

मागे कोणीतरी हसलं. अध्यक्ष हसले नाहीत. त्यांनी मामाला बसायला खुर्ची द्यायला सांगितली आणि मामा भिंतीशी बसला, फाईल मांडीवर धरून. सहा हरकती तिच्यात होत्या. पूर्वी तो कायद्याने कोणीही नसताना त्या चालल्या होत्या.

मग अभियंता उठले. आवाज चढवला नाही. "मला पालकांना एकच विचारायचंय. कालचं विधान नदीचं आहे, की त्यांच्या कार्यालयातल्या कोणाचं?"

"ती कारकुनी चूक आहे," वकीलबाई म्हणाल्या.

"कोणाची? नदीची?"

"कार्यालयाची."

"म्हणजे विधान कार्यालयाचं होतं. तसं असेल तर मी लगेच प्रस्ताव मागे घेतो. पण मग गेल्या पाच वर्षांतली एकशे दहा विधानंही कार्यालयाचीच ठरतात. खाणीचा गाळ बंद झाला तो नदीच्या शब्दावर, कार्यालयाच्या नाही. दोन कारखान्यांचे वकील बाहेर बसलेत, त्यांनाही हे उत्तर ऐकायचंय. न्यायालयाने आपल्याला सांगितलं की नदी स्वतः बोलते. आम्ही तेव्हा विरोध केला, हरलो, मानलं. आता आपण म्हणताय की सोयीचं असतं तेव्हा ती बोलते आणि गैरसोयीचं असतं तेव्हा एक मुलगी रकाना चुकते."

तो मुद्दा बरोबर होता. मी त्यात दोष शोधला, अजूनही शोधते.

वकीलबाई उभ्या राहिल्या. दुरुस्तीचा अर्ज त्यांच्या हातात होता. त्यांनी त्याची एक घडी घातली, मग दुसरी. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होते, म्हणून सांगू शकते: बावन्न सेकंद. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं आपण सहज म्हणतो. ते एखाद्याच्या चेहऱ्यावर घडताना मी पहिल्यांदा पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मामाकडे पाहिलं, आणि मग तोंड टेबलाकडे केलं.

"विधान नदीचं आहे," त्या म्हणाल्या. "अर्ज मागे घेते."

मामाला पहिल्यांदा कळलं नाही. तो माझ्याकडे बघून हाताने विचारत होता, झालं का, जिंकलो का. मी नाही अशी मान हलवली. तो उठला आणि खुर्ची जिथून आणली होती तिथे नेऊन ठेवली.

जिन्यात वकीलबाईंनी त्याला गाठलं. "दादा, ऐका. बाकी सगळी नदी हातातून गेली असती. एकतीस किलोमीटर द्यावे लागले. उरलेले नऊशे वाचले."

"कळलं की, बाई. एवढा अडाणी नाही." मामा कठड्याला धरून उभा होता. "हात वाचवायला बोट कापतात. आमच्याकडे एकाचं कापलंय, दोरात अडकून सडलं होतं. पण बोटाची काही हरकत नव्हती असं डॉक्टरने कागदावर नाही लिहिलं."

वकीलबाई जिना उतरून गेल्या.

मामा माझ्याकडे वळला. "तू लिहिलंस?"

"हो."

"नेमकं काय लिहिलंस?"

"निरंक."

"म्हणजे?"

"मोजलं नाही, असं."

"का नाही मोजलं?"

"मीटर मोडलं होतं, मामा. भाग येत नव्हता."

खाली रस्त्यावर कुठल्याशा दुकानाचं शटर वर जाताना वाजलं, एक माणूस आमच्यामधून वाट काढत वर गेला. "मला फोन करायचास," मामा म्हणाला. "मी रोज मोजतो. सकाळी वल्हं घालून खोली बघतो, ढलपी टाकून वेग बघतो. तेरा आठवडे म्हणजे एक्क्याण्णव दिवस. एक्क्याण्णव आकडे दिले असते तुला. तूच शिकलीस ना माझ्याकडे?"

यावर माझ्यापाशी उत्तर होतं. वल्ह्याचं वाचन पत्रकात चालत नाही, उपकरण प्रमाणित असावं लागतं, परिशिष्ट तीन. मी ते दिलं नाही. मला फोन करायचं सुचलंच नव्हतं, आणि परिशिष्ट तीन मी आदल्या रात्री शोधून काढलं होतं.

"तुमच्या ऑफिसात तिचं सगळं आहे," तो जाता जाता म्हणाला. "वकील आहे, तोंड आहे, शिक्का आहे. तिच्याकडे जाणारा एक माणूस तेवढा ठेवा."

दुसऱ्या दिवशी मी राजीनामा घेऊन गेले. वकीलबाई चौसष्ट पानं कपाटात ठेवत होत्या. त्यांनी माझा कागद वाचला, दोन्ही बाजूंनी, आणि परत दिला.

"कारण काय लिहिलंयस? 'माझ्या हातून झालेली चूक.' हे नाही चालणार."

"मग दुसरं लिहू? वैयक्तिक?"

"तू आत्ता गेलीस तर लोक म्हणतील चूक झाली म्हणून गेली. चूक झालेली नाही. नदीने विचार करून सांगितलंय की तिची हरकत नाही. काल मी ते मान्य केलंय." त्यांनी कपाट लावलं, किल्ली काढली. "उद्या वेळेवर ये. ठाणं सातचे नमुने राहिलेत."

"मॅडम, पण खोटं आहे ते."

"हो," त्या म्हणाल्या. "पुढच्या पत्रकापासून शेवटचा रकाना मी भरेन. आणि 'निरंक' हा शब्द या कार्यालयात पुन्हा वापरायचा नाही."

काकांनी मला चहा आणून दिला. त्या दिवशी त्यांनी प्राणवायूचा विनोद केला नाही. त्यानंतरही कधी केला नाही.

दरवाजे नवव्या दिवशी बंद झाले. वर्तमानपत्रांत बातमी चांगली आली. नदीने मोठेपणाने जहाजांना वाट करून दिली, असं एकाने लिहिलं. एका लेखात म्हटलं होतं की निसर्ग हा नेहमी अडवणूकच करतो हा समज या निमित्ताने खोटा ठरला. वरच्या देशाने नदीच्या नावे आभाराचं पत्र पाठवलं. ते आमच्या पत्त्यावर आलं, आवक नोंदवहीत मी त्याला क्रमांक दिला.

सुटा भाग त्याच आठवड्यात आला. पत्रकाची तारीख जवळ आली, तसं मला एकोणतिसाव्या ठाण्यावर जावं लागलं. मीटर खांद्याला लावून मी काठाकाठाने मामाच्या घरापाशी उतरले. होड्या मी मोजल्या. पात्रात कलंडलेल्या पाच, काठावर पालथ्या घातलेल्या सहा. तीन नव्हत्या. गोटे वरून पांढरे पडले होते आणि उलटवले की खालून काळे, ओले. वास येत होता. मामा घराच्या पायरीवर बसला होता. मला पाहून उठला नाही, आत गेला नाही.

पात्राच्या मधोमध पाण्याचा एक ओहोळ होता. मी पट्टी धरली. खोली जास्तीत जास्त सहा सेंटिमीटर. मीटरचा पंखा बुडायला पंधरा लागतात. मी मीटर परत पिशवीत घातलं आणि चिखलाचा आडवा बांध घालायला लागले. पाणी कमी असलं की बांध घालून ते एका खाचेतून काढतात, खाचेखाली बादली धरतात आणि ती किती वेळात भरते ते बघतात. माझा बांध दोनदा फुटला.

"असा फुटणारच," पायरीवरून आवाज आला. "खाली गोटे आहेत. आधी गोटे काढ, मग माती."

मी गोटे काढू लागले. थोड्या वेळाने तो आला, पँट दुमडून गुडघ्यावर बसला आणि माझ्या हातातून फावडं घेतलं. बिघडलेलं काम त्याला बघवत नाही, एवढंच ते होतं. बांध घातला, खाच केली, फुटक्या पन्हळीचा तुकडा तिच्यात बसवला, आणि होडीतलं पाणी उपसायची आपली बादली आणून खाली ठेवली.

"किती मावतं हिच्यात?" मी विचारलं.

"दहा लिटर."

मी मोजपात्राने भरून पाहिलं. दहा लिटर बरोबर होतं.

"मोज," तो म्हणाला.

मी घड्याळ हातात घेतलं. बादली त्याने धरली. तीन वाचनं घेतली: सव्वीस सेकंद, सत्तावीस सेकंद, सव्वीस सेकंद. सरासरी सव्वीस पूर्णांक तेहतीस. ठाणं एकोणतीस, धाकटी धार. प्रवाह सेकंदाला शून्य पूर्णांक अडतीस लिटर.